सासूबाईंची कंबर, सुनेची मान आणि एकच पाकीट

प्रश्न थोडक्यात असा आहे. सासूबाई, वय 67. पाण्याची कळशी उचलताना कंबरेत उसण भरली. जवळच्या डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ एक अशा पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी त्या घरात चालू-फिरू लागल्या. गोळ्या संपल्यावर मेडिकलमधून तेच पाकीट पुन्हा आणलं गेलं आणि आज चौदावा दिवस आहे. आता त्या दिवसभर पेंगतात, तोंडाला कोरड पडते. परवा पहाटे बाथरूमला उठल्या आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन भिंतीला धरून खाली बसल्या. पाकिटावर लिहिलंय ॲसिक्लोफेनॅक 100 मिलिग्रॅम, हे वेदनाशामक, आणि टिझानिडीन 2 मिलिग्रॅम, हे स्नायू सैल करणारं औषध. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी कित्येक वर्षं चालू आहे. सूनबाई विचारतात: ही गोळी एकदम बंद केली तर चालेल का? आणि शेवटी हळूच जोडलेली ओळ: माझीही मान आखडली आहे, त्याच पाकिटातली घेऊ का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते एका शब्दाचं आहे. नको. कारण पुढे येईलच.

पहिल्याचं उत्तर: बंद करायचीच आहे. ज्या डॉक्टरांनी दिली त्यांना आजच फोन करा आणि सांगा की तुमच्या पाचाचे आम्ही चौदा केले. त्यांना हे माहीतच नसणार. दिवसाला 4 मिलिग्रॅम टिझानिडीन हा लहान डोस आहे आणि दोन आठवडे हा लहान काळ. त्यासाठी पायरी-पायरीने कमी करत बसायची सहसा गरज नसते. ती गरज पडते ती अर्धांगवायूनंतर किंवा मणक्याच्या इजेनंतर हातपाय ताठ झालेल्या रुग्णांना. ते हीच गोळी दिवसाला 20 मिलिग्रॅमच्या वर, महिनोन् महिने घेत असतात. त्यांची एकदम थांबवली तर दाबून ठेवलेलं बीपी उसळी मारतं आणि छातीत धडधड होते. सासूबाई त्या गटात नाहीत.

फोनवर आणखी दोन गोष्टी मागून घ्या. एक, बीपी दोनदा मोजायचं, आधी आडवं झोपवून आणि मग उभं केल्यावर एक आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त खाली आला, तर पहाटेच्या त्या अंधारीचं कारण सापडलं. दोन, रक्तात क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, म्हणजे मूत्रपिंडाची तपासणी. हे कशासाठी, असं वाटेल. तुम्ही सगळे त्या टिझानिडीनकडे बघताय, पण मला पाकिटातल्या दुसऱ्या औषधाची जास्त काळजी वाटते. ॲसिक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आकसवतात. टेल्मिसार्टन तिथला दाब दुसऱ्या बाजूने कमी करतं, आणि हायड्रोक्लोरोथायझाइड अंगातलं पाणी काढतं. तिन्ही एकत्र आली, वर उन्हाळा किंवा जुलाब, की साठी ओलांडलेल्या मूत्रपिंडाला ते झेपत नाही. पाच दिवस बहुधा निभावतात. चौदा दिवसांनी तपासलेलं बरं. लघवी कमी झाली असेल किंवा पायांवर सूज असेल तर उद्यावर ढकलू नका.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. चोवीस वर्षं हाडांच्या ओपीडीत बसतोय, आणि माझ्या समोरच्या दहातल्या नऊ जणांना वाटतं की ही गोळी पोटातून थेट कंबरेत जाते, तिथला आखडलेला स्नायू शोधते आणि मालिश केल्यासारखा सैल करते. तसं काही होत नाही. स्नायू सैल करणाऱ्या या गटातली जवळजवळ सगळी औषधं मेंदूवर आणि मज्जारज्जूवर काम करतात. स्नायूला ‘ताण’ असा निरोप वरून जातो, तो निरोपच ही औषधं मंद करतात. आणि निरोप मंद करताना त्यांना कंबर कुठली, पापणी कुठली हे कळत नाही. म्हणून पेंग, म्हणून तोल जाणं, म्हणून जीभ जड होणं. पेंग हा या गोळीचा साइड इफेक्ट आहे असं आपण म्हणतो खरं, पण माझ्या मते बऱ्याच जणांच्या बाबतीत तोच तिचा मुख्य परिणाम असतो. स्नायूवर थेट काम करणारं डँट्रोलीन नावाचं औषध आहे, पण ते उसण भरल्यावर कोणी देत नाही.

याची सुरुवातही गमतीची आहे. 1940च्या दशकात इंग्लंडमध्ये फ्रँक बर्गर हे संशोधक पेनिसिलीन खराब होऊ नये म्हणून त्यात घालायला एखादं रसायन शोधत होते. एक रसायन उंदरांना टोचलं, तर उंदीर चिंधीसारखे लुळे पडले. मेले नव्हते, डोळे उघडे, श्वास चालू, थोड्या वेळाने उठून चालायला लागले. तेच मेफेनेसिन. त्यावरचा बर्गर यांचा लेख 1946चा. पुढे त्याच वाटेने त्यांनी अमेरिकेत मेप्रोबॅमेट आणलं, आणि ते 1955 पासून मन शांत करायची गोळी म्हणून तुफान खपलं. स्नायू सैल करणारी आणि मन सुस्तावणारी औषधं एकाच घरातली आहेत ती अशी.

टिझानिडीनबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण आपल्याकडे ते सर्रास दिलं जातं. बीपीसाठी वापरतात त्या क्लोनिडीनचं हे चुलत भावंड. त्यामुळे बीपी खाली आणणं त्याच्या रक्तातच आहे. गोळी घेतल्यापासून तास-दीड तासात परिणाम शिखरावर जातो आणि पाच-सहा तासांत ओसरतो. रात्री दहाला घेतली की साडेअकरा-बाराला उठणारं म्हातारं माणूस सगळ्यात धोक्यात. बाथरूमचा दिवा चालू ठेवा, आधी पलंगाच्या काठावर दोन मिनिटं बसू द्या, मग उभं करा. कंबर आठ दिवसांत बरी होते, खुबा मोडला तर घराचं वर्ष जातं. साठीच्या पुढच्यांना दिवसा ही गोळी मी लिहीतच नाही. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या संस्थेने वृद्धांना शक्यतो देऊ नये अशा औषधांची यादी केली आहे, तीत या गटातली अनेक औषधं आहेत.

टिझानिडीन यकृतातल्या एका ठरावीक विकराने (एन्झाइमने) मोडतं. तो विकर अडवणारं दुसरं औषध सोबत आलं की ते रक्तात साचत जातं. सिप्रोफ्लॉक्सासिन हे आपल्याकडे लघवीच्या जंतुसंसर्गाला, जुलाबाला बिनदिक्कत दिलं जाणारं प्रतिजैविक. ते सोबत घेतलं तर टिझानिडीनचं रक्तातलं एकूण प्रमाण दहा पट होतं. दहा टक्के नाही, दहा पट. फ्लुवोक्सामिन या मानसोपचारातल्या गोळीने तर तेहतीस पट. या दोन्हींबरोबर टिझानिडीन देण्यास साफ मनाई आहे.

हे मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. सत्तरीचे एक शेतकरी गृहस्थ, कंबरेसाठी माझीच चिठ्ठी. तिसऱ्या दिवशी लघवीला जळजळ झाली म्हणून घरच्यांनी परस्पर दुसरीकडून औषध आणलं. रात्री मुलाने जीपमध्ये घालून आणलं ते ‘अण्णांना अर्धांग झालंय’ म्हणत. माणूस हाक मारली की डोळे उघडायचा, ‘हं’ म्हणायचा आणि पुन्हा झोपायचा. नाडी मंद, बीपी 80 वर 50. हातपाय मात्र दोन्हीकडचे सारखे हलत होते. मुलाच्या शर्टाच्या खिशातून दोन पाकिटं निघाली, एक माझं आणि एक सिप्रोफ्लॉक्सासिनचं. सलाइन लावलं, पाय उंच केले, रात्रभर बीपी बघत बसलो. सकाळी सात वाजता अण्णांनी चहा मागितला. त्या दिवसापासून मी चिठ्ठीवर टिझानिडीन लिहिलं की शेजारी ‘जुलाब, लघवीचं औषध घेण्याआधी विचारा’ असं मराठीत लिहितो. आधी लिहीत नव्हतो, ही चूक माझी.

आता थायोकोल्चिकोसाइड, स्नायू सैल करणारं दुसरं औषध. पावसाळ्यात सह्याद्रीत कुंपणावर चढलेली कळलावी पाहिली असेल, पानांच्या टोकाने धरत वर जाणारी, ज्वाळेसारखी पिवळी-लाल फुलं. तिच्या बियांतल्या द्रव्यापासून हे औषध बनवतात. कळलावीच्या मुळीचा उपयोग पूर्वी बाळंतपणात कळा आणायला, आणि वाईट हेतूनेही, व्हायचा. आजीच्या पिढीला ती विषारी आहे हे पक्कं ठाऊक होतं. गोळी म्हणजे मुळी नव्हे, हे खरं. पण शरीरात या औषधाचा एक असा अंश तयार होतो, जो विभागणाऱ्या पेशींमधली गुणसूत्रांची वाटणी बिघडवू शकतो. म्हणून युरोपच्या औषध यंत्रणेने 2013 मध्ये त्याला मर्यादा घातल्या: तोंडाने 8 मिलिग्रॅम बारा तासांनी, जास्तीत जास्त सात दिवस, इंजेक्शन 4 मिलिग्रॅम बारा तासांनी, जास्तीत जास्त पाच दिवस, सोळा वर्षांखाली नाही, गरोदरपणात नाही, अंगावर पाजताना नाही, आणि दिवस राहण्याची शक्यता असेल तर गर्भनिरोधनाशिवाय नाही. आपल्याकडे पाठदुखीची तक्रार घेऊन आलेल्या पंचविशीतल्या मुलीला ‘पाळी कधी आली होती’ हे विचारायला डॉक्टरही संकोचतात आणि सांगायला तीही. तुम्हीच सांगा. फिट येण्याचा इतिहास असेल तर तेही सांगा, या औषधाने फिट येऊ शकते.

याच गटातल्या क्लोरझॉक्साझोनने लघवी नारिंगी किंवा जांभळट-लाल होते आणि लोक कावीळ झाली म्हणून धावत येतात. रंग तेवढाच असेल तर घाबरू नका. पण याच औषधाने क्वचित यकृताला जबर इजाही होते. म्हणून लघवीच्या रंगाबरोबर डोळे पिवळे, अन्नावरची वासना गेलेली, मळमळ किंवा अंगाला खाज असेल तर गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवा. मेथोकार्बामॉल या गटातल्याच औषधाने लघवी तपकिरी, काळपट, कधी हिरवीही होते. त्यात काही नाही.

बॅक्लोफेन वेगळ्या जातीचं आहे. ते मुळात मेंदू-मज्जारज्जूच्या आजारातल्या ताठरपणासाठी. पण थांबत नसलेल्या उचकीला आणि दारू सोडवायलाही काही डॉक्टर देतात, त्यामुळे घरात असतं. ते बहुतांश जसंच्या तसं लघवीवाटे बाहेर पडतं. मूत्रपिंड अधू असेल, डायलिसिस चालू असेल, तर साध्या डोसनेही माणूस गुंगीत जातो, भ्रमिष्टासारखं बोलतो. आणि उलट बाजूला, रोज घेणाऱ्याने ते एका दिवसात सोडलं तर भास आणि फिट्स. गावाला जाताना गोळ्या घरी विसरल्या, एवढं कारण त्याला पुरतं.

याच गटातलं कॅरिसोप्रोडॉल कोणी सुचवलं तर माझ्यापुरतं उत्तर नाही असं आहे. शरीरात त्याचं मेप्रोबॅमेट होतं, म्हणजे वर सांगितलेलं तेच 1955चं औषध, आणि त्याची सवय लागते. युरोपने 2007 मध्ये ते थांबवण्याची शिफारस केली, अमेरिकेने 2012 मध्ये ते नियंत्रित औषधांच्या यादीत टाकलं. टॅपेंटाडॉल हे अफूच्या जातीचं वेदनाशामक आणि कॅरिसोप्रोडॉल मिसळलेल्या भारतीय गोळ्या पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी विकल्या जात असल्याची बातमी आल्यावर, 2025च्या फेब्रुवारीत आपल्या औषध नियंत्रकांनी त्या मिश्रणाच्या उत्पादन-निर्यातीच्या परवानग्या काढून घ्यायला सांगितलं.

पाकीट वाचायला शिका, एवढं मात्र मी प्रत्येकाला सांगतो. नावाच्या शेपटीला लागलेल्या दोन अक्षरांवर जाऊ नका. ‘एमआर’ म्हणजे एका पाकिटावर स्नायू सैल करणारं औषध, आणि मधुमेहाच्या ग्लिक्लाझाइडच्या पाकिटावर तेच ‘एमआर’ म्हणजे हळूहळू विरघळणारी गोळी. ‘स्पास’ लिहिलेल्यात ड्रोटाव्हेरीनसारखं औषध असतं, ते पोटातल्या, मुतखड्याच्या कळांचं. कंबरेच्या स्नायूला त्याचा काही उपयोग नाही, तरी ‘स्पॅझमचं द्या’ म्हटलं की तेही हातात पडतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात घटक असतात, मोबाइलने फोटो काढून मोठा करा. पॅरासिटामॉल 325 आधीच आत असतं आणि आपण ताप वाटला म्हणून वरून 650 घेतो. ॲसिक्लोफेनॅक आत असतं आणि गुडघ्यासाठी जुनं डायक्लोफेनॅक चालूच असतं. गंमत म्हणजे एवढं सगळं घेऊन माणूस सांगतो, ‘डॉक्टर, मी एकच गोळी घेतो.’

सोबत काय नको, तर पेंग आणणारं आणखी काहीही: दारू सर्वांत आधी, मग झोपेच्या गोळ्या, सर्दीची सेट्रिझिनसारखी गोळी, खोकल्याची बरीचशी औषधं, ट्रॅमाडॉल हे जोरदार वेदनाशामक, आणि सायटिकासाठी मिळणारं प्रिगाबालिन. यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या की झोपेत श्वास मंदावू शकतो. मधुमेहामुळे पायांच्या नसांसाठी प्रिगाबालिन चालू असलेले रुग्ण खूप आहेत, आणि ते ‘दुसरं काही चालू नाही’ असंच सांगतात, कारण ती ‘साखरेची’ गोळी असते. पहिल्या गोळीनंतर तुमची पेंग किती हे तुम्हाला कळेपर्यंत स्कूटर, ट्रॅक्टर, कडबा कुट्टी यांना हात लावू नका. पेंगलेल्या माणसाला आपण पेंगलोय हे सगळ्यात शेवटी कळतं.

मग डॉक्टर, तुम्ही ही गोळी देताच कशाला, असं कोणी विचारलं तर प्रश्न रास्त आहे. 2021 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 31 चाचण्यांचा, 6,505 रुग्णांचा एकत्रित हिशोब आला. नव्या कंबरदुखीत पहिल्या दोन आठवड्यांत या औषधांमुळे वेदना शंभरपैकी आठ गुणांनीही कमी होत नाही, असं त्यातून निघालं. हा फरक रुग्णाला जेमतेम जाणवेल, आणि त्यालाही भक्कम पुरावा नाही. 2015च्या एका अमेरिकन चाचणीत सगळ्या 323 रुग्णांना नॅप्रोक्सेन हे वेदनाशामक दिलं आणि काहींना त्यावर स्नायू सैल करणारं सायक्लोबेन्झाप्रीन जोडलं. आठवड्याने बघितलं तर फरक नव्हता. तरीही मी देतो ते एवढ्यासाठी: कूस बदलताना ओरडणाऱ्या माणसाला पहिल्या दोन-तीन रात्री झोप मिळाली, तर चौथ्या दिवशी तो उठून चालतो. म्हणून माझी चिठ्ठी रात्रीची एक, तीन ते पाच दिवस, एवढीच. दिवसा शेक, वेदना फारच असतील आणि मूत्रपिंड-पोट ठीक असेल तर थोडे दिवस वेदनाशामक, आणि घरातल्या घरात हिंडणं. अंथरुणाला खिळून राहिलं की कंबर आणखी आखडते. शेकाची पिशवी कापडात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं. गोळीच्या गुंगीत पिशवी पाठीखाली घेऊन झोपलेल्या एका बाईंच्या पाठीवर फोड आले होते, तेव्हा झोपताना नाही.

पाकिटावर ‘आर-एक्स’ आणि लाल रेघ असते. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकायचं नसतं. दुकानदार ओळखीचा असतो, देतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही, आपणच ‘तेच द्या, मागच्या वेळचं’ म्हणतो.

कुठल्या कंबरेला गोळीवर थांबायचं नाही, तेही सांगतो. लघवी तुंबली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, पाय लुळा पडू लागला, तर त्या रात्रीच हॉस्पिटल. ताप, विनाकारण घटणारं वजन, पूर्वी झालेला कर्करोग, किंवा म्हाताऱ्या माणसाच्या पडण्यानंतर सुरू झालेलं दुखणं असेल तर आधी तपासणी. तुमच्या सासूबाई कळशी उचलताना वाकल्या होत्या. 67 व्या वर्षी तेवढ्या ताणानेही ठिसूळ मणका दबू शकतो. मणक्यावर बोट ठेवून दाबल्यावर नेमक्या एका जागी दुखत असेल तर एक्स-रे काढून घ्या, पाकीट बदलू नका.

आता तुमची मान. सासूबाईंची गोळी तुम्हाला का नको, त्याची कारणं तुम्ही न सांगितलेल्या गोष्टींत आहेत. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल, तर टिझानिडीन शरीराबाहेर पडायचा वेग निम्म्यावर येतो, म्हणजे तीच 2 मिलिग्रॅम तुम्हाला सासूबाईंपेक्षा जड जाईल. दिवस राहिले असण्याची शक्यता असेल, बाळाला पाजत असाल, पोटात ॲसिडिटी किंवा अल्सर असेल, सकाळी मुलांना स्कूटरवर शाळेत सोडत असाल, तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं. आखडलेल्या मानेला दोन-तीन दिवस शेक द्या, उशी एकच आणि फार उंच नको, मान सोसेल तेवढी हळूहळू दोन्हीकडे वळवत राहा, लागलंच तर साधं पॅरासिटामॉल. हाताला मुंग्या येत असतील किंवा बोटांची पकड सुटत असेल तर दाखवायला या. आणि येताना ते अर्धं उरलेलं पाकीट आणि सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, दोन्ही पिशवीत घालून आणा. नावं सांगू नका, पाकिटंच दाखवा.